स्थळाचा फोटो

अंबाजोगाईला छायाचित्रणाच्या पहिल्या कार्यशाळेत मला कॅमेऱ्यातलं काहीही कळलं नाही. आमदारकीची स्वप्नं बघणाऱ्या एका माणसाची मान किती जाड आहे, एवढं मात्र नीट कळलं, कारण सकाळभर सगळे त्याचेच फोटो काढत होते. तो उशिरा आला, दिवा लावला, शाल पांघरून घेतली, मोबाइलमुळे जग कसं जवळ आलं ते सांगितलं आणि दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेला. मग जेवणं झाली. जेवणानंतर शिकवणाऱ्याने कॅमेऱ्याच्या कंपन्यांची तुलना केली आणि आपण कुठल्या कुठल्या बड्या लग्नांत फोटो काढले ते सांगितलं. संध्याकाळी प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळालं. माझ्या प्रमाणपत्रावर आडनाव चुकलं होतं. मी ते दुरुस्त करून मागितलं नाही.

दुसऱ्या कार्यशाळेत लातूरहून एक पोरगी आणली होती. तिला नऊवारी नेसवून चिंचेखाली उभं केलं आणि लग्नाचे फोटो काढणारे पंधरा-वीस बाप्ये तिच्याभोवती गुडघ्यांवर बसले. ‘जरा इकडं बघा मॅडम,’ ‘जरा हसा मॅडम.’ पोरगी दुधासारखी गोरी. तिचा फोटो आंधळ्यानेही चांगला काढला असता. तिथेही मी काही शिकले नाही, आणि घरी आल्यावर दोन दिवस माझं डोकं फिरलेलं होतं.

तरी मी जात राहिले, आणि ते हौसेपोटी नव्हे. मी घाटनांदूरजवळच्या एका गावात भावाच्या घरी राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, लग्न झालेलं नाही. मला एकच फोटो काढायला शिकायचं होतं. माझ्या भाचीचा, स्थळाला पाठवायचा. आमच्या घरात ती आणि मी, दोघीच काळ्या. सावळ्या म्हणण्याची पद्धत आहे, पण सावळी हे पाहुण्यांसमोर म्हणतात. घरात काळीच म्हणतात.

माझ्या वेळी असा फोटो घाटनांदूरच्या स्टुडिओत काढला होता. स्टुडिओवाल्याने माझ्या तोंडावर पावडर थापली, समोरून दोन दिवे मारले आणि नंतर कॉम्प्युटरवर बसून मला असं काही धुतलं की फोटो बघून माझी आईसुद्धा म्हणाली, ‘लई झ्याक आला.’ तो फोटो बघून पाहुणे आले. मी पोहे घेऊन गेले. मुलाच्या चुलत्याने बशी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं, आतल्या दाराकडे बघितलं आणि विचारलं, ‘फोटोतली कुठंय?’

त्याने हे चेष्टेने विचारलं नाही. त्याला खरंच वाटलं होतं, ही थोरली असेल, नवरी मागून येईल. आमच्या वडलांनी तोंडातल्या तोंडात हसून घेतलं आणि म्हणाले, ‘हीच की.’ मग सगळ्यांनी पोहे मात्र खाल्ले. त्या हसण्यासाठी मी वडलांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. ते गेले तेव्हा मी रडले, पण माफ केलं नाही. त्यानंतर स्थळं येत गेली, तोच फोटो जात राहिला, आणि प्रत्येकाचं तोंड दारात एकदा उतरायचं. शेवटी मीच आईला सांगितलं की आता बास.

म्हणून भाची फार्मसी शिकून घरी आली आणि भाऊ म्हणाला, ‘आता हिचा फोटो काढून आणावा लागंल,’ तेव्हा मी म्हणाले, मी काढते. ती जशी आहे तसाच काढायचा, पण चांगला काढायचा, म्हणजे जो येईल तो बघून-सवरून येईल आणि दारात कुणाचं तोंड उतरणार नाही. मी तिला ओसरीवर चुन्याच्या भिंतीला उभं केलं. चेहरा कोळसा झाला. फ्लॅश टाकला, तर कपाळ आणि नाक चमकलं, बाकीचा कोळसा तसाच राहिला. दिवसभर खटपट करून मी रडकुंडीला आले. भाची म्हणाली, ‘जाऊ दे आत्या, मी हायच तशी.’

तिसरी कार्यशाळा पुन्हा अंबाजोगाईलाच, एका मंगल कार्यालयात होती. शिकवायला बाहेरून आलेले गृहस्थ साठीच्या घरातले, किडकिडीत, आणि अत्यंत उर्मट. आयोजकांनी हार पुढे केला तर म्हणाले, ‘तो तिकडे ठेवा, माझा वेळ जातोय.’ तेवढ्यावरच मला ते आवडले. आम्ही सगळ्यांनी एकेक फोटो आधी पाठवला होता. त्यांनी प्रोजेक्टर लावला आणि एकामागून एक सोलायला सुरुवात केली. केजच्या एका फोटोवाल्याला म्हणाले, ‘हे जोडपं एकमेकांना ओळखतं का?’ दुसऱ्याला म्हणाले, ‘तुम्ही फ्लेक्स करा, त्यात चांगला धंदा आहे.’ मंडळींचे चेहरे पडत होते आणि मला, खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

मग भिंतीवर माझी भाची आली. सर भिंतीजवळ गेले.

‘भिंतीचा फोटो छान आलाय,’ ते म्हणाले. ‘चुना अगदी झकास दिसतोय. मध्ये ही मुलगी का उभी केलीत?’

हॉल हसला. मी उठून म्हणाले, माझी भाची आहे.

‘तिच्यावर राग आहे का तुमचा?’

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. मी निघून जाणारच होते, पण त्यांनी त्याच आवाजात पुढे सांगायला सुरुवात केली, आणि ते जे सांगत होते त्यासाठीच मी इतके रविवार घालवले होते. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही. पांढरी भिंत दिसली की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो सगळंच अंधारं करतो आणि पहिला बळी चेहऱ्याचा जातो. म्हणून पाठीमागे पांढरं ठेवायचं नाही, गडद ठेवायचं. मग तो उलट चूक करतो, सगळं राखाडी उजळवून टाकतो, तर कॅमेऱ्यातला उजेड आपण हाताने खाली ओढायचा. समोरून दिवा मारायचा नाही. उजेड एका बाजूच्या दारातून-खिडकीतून येऊ द्यायचा. काळ्या कातडीवर उजेड सरकतो, गोऱ्या कातडीवर नुसता सांडतो, असं ते म्हणाले.

‘चला, करून बघू. स्टुलावर कोण बसतंय?’ त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि बोट माझ्याकडे केलं. ‘तुम्ही या.’

मीच का, ते सगळ्यांना कळलं. ज्याला फ्लेक्स करायला सांगितलं होतं तो मागून म्हणाला, ‘सर, मॅडमसाठी जनरेटर लावावा लागंल.’ पुन्हा हॉल हसला. सर हसले नाहीत, पण त्यांनी त्याला गप्पही केलं नाही. सगळ्यांत आधी त्यालाच कॅमेरा धरायला लावला आणि जमेपर्यंत खाली बसू दिलं नाही. तो घामाघूम झाला. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि पोरं माझ्या गालाबद्दल, नाकाबद्दल, कपाळाबद्दल एखादं वांगं बघावं तसं मोठमोठ्याने बोलत होती. शेवटचा फोटो सरांनी भिंतीवर लावला. ती बाई काळी होती. कुठेही धुतलेली नव्हती. आणि तिच्यावरून नजर हलत नव्हती. मला वाटलं, हे मला विशीत कुणी दाखवलं असतं तर मी त्या चुलत्याच्या हातातली बशी काढून घेतली असती.

कार्यशाळेला का जावं, असं शाळेतले लोक मला विचारतात. मोबाइलवर सगळं फुकट बघायला मिळतं म्हणतात. मिळतं. पण मोबाइल तुमचा फोटो भिंतीवर लावून चारचौघांत अब्रू काढत नाही. ती निघाल्याशिवाय माणूस आपला फोटो बघतच नाही, फक्त कौतुक ऐकतो.

घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला गुरांच्या कोठ्याच्या दारात बसवलं. मागे आतला अंधार, एका अंगाने आभाळाचा उजेड, अंगावर हळदी रंगाची साडी. हाताने उजेड खाली ओढला. ती हसली नाही, मीही हस म्हणाले नाही. फोटो आला तो मी आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो होता. मी तो कॉम्प्युटरवर मोठा करून घरच्यांना बोलावलं.

वहिनी पदराने हात पुसत म्हणाली, ‘ताई, फोटो लई चांगलाय. पन पाठवायला न्हाई.’ आणि त्याच दिवशी मायलेकी घाटनांदूरला स्टुडिओत जाऊन आल्या. आता पावडर लागत नाही. भाची गव्हाळसुद्धा नाही, थेट गोरी होऊन आली, आणि तो फोटो व्हॉट्सॲपवरून निघून गेला. मी वहिनीशी आठवडाभर बोलले नाही. भाचीशी बोलत होते, पण ती माझ्याशी तुटक बोलत होती.

त्या फोटोवर कडा गावाकडचे पाहुणे आले. मी दाराआडून मुलाच्या आईचं तोंड बघत होते, ते कधी उतरतं म्हणून. भाची चहा घेऊन गेली. बाईने वर-खाली बघितलं, कप घेतला आणि फुंकर मारून पिऊ लागली. काही उतरलं नाही. उलट बोलणी पुढे सरकली, साखरपुड्याला दोन्हीकडून होकार आला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या हिशेबाने हे लोक फसायला हवे होते आणि फसलेच नव्हते. मी उठले, बाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि मी काढलेला भाचीचा फोटो मोबाइलवर उघडून त्यांच्यापुढे धरला. म्हणाले, हा खरा. हा पाठवायचा होता आम्हाला.

वहिनीचा श्वास मला लांबून ऐकू आला. बाईने फोटो लांब धरून बघितला आणि खदखदून हसली.

‘बरं झालं न्हाई पाठवला! आमी आलोच नसतो की. अवो मॅडम, फोटोतला रंग कोन खरा धरतंय? समदेच धुत्यात. आमी रुपयात चार आणे कमी धरूनच घराबाहेर पडतो. ह्यो बघून आमी म्हणलो असतो, धुवून बी ह्येवढीच उजळली, तर मूळची कशी असंल?’

सगळे हसले. भाऊ हसला, मुलगा हसला, वहिनी जीव भांड्यात पडल्यासारखी हसली. तोंडातल्या तोंडात मीही हसून घेतलं. इतक्या वर्षांत जगाने आपलं गणित करून ठेवलं होतं आणि त्यात खऱ्या फोटोला जागाच नव्हती.

पाहुणे गेल्यावर भाची माझ्या खोलीत आली. अंगावरचे दागिने तिने काढले नव्हते.

‘आत्या, त्यो फोटो डिलीट कर.’

मी म्हणाले, अगं, ठरलं ना आता? असू दे की मला.

‘न्हाई. कॉम्प्युटरमधला पन कर. कार्डात आसंल, त्यो पन.’

‘कावून गं? इतका का वाईट आलाय?’

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘वाईट न्हाई आला. त्यात मी तुझ्यासारखी दिसते.’

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. मी कॉम्प्युटर लावला. फोटो पुन्हा एकदा पडदाभर आला. ती माझ्या पाठीमागे उभी होती. मी तो काढून टाकला, मग कार्ड लावून त्यातलाही काढला. मोबाइलमधला तिने स्वतः पुसला आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.