रंगूनच्या जागी

वडगावच्या मष्णूला लांबची स्टेशनं पकडायचं वेड होतं. गाण्यांचं, बातम्यांचं त्याला फारसं काही नव्हतं. आवाज किती लांबून आला, यातच त्याची सगळी गोडी. दिवसभर मागावर धोटा फेकायचा आणि उन्हं कलली की रेडिओचं खोकं गोणपाटात गुंडाळायचं, जड बॅटरी पिशवीत घालायची, तांब्याच्या तारेचं वेटोळं खांद्याला अडकवायचं आणि भाजी विकून रिकाम्या परतणाऱ्या एखाद्या बैलगाडीतून येळ्ळूरचा माळ गाठायचा. गल्लीत मागांचा खडखडाट, विजेच्या तारांची खरखर. माळावर दोन झाडांत तार ताणली की दिवेलागणीला हैदराबाद, कलकत्ता एकेक करून वर येत. ते खोकं लष्करी कॅम्पातल्या एका साहेबानं बदलीवर जाताना मोडकं म्हणून टाकलेलं. मष्णूनं खटपट करून ते बोलतं केलं होतं.

एका संध्याकाळी रंगून लागलं. मष्णू धावतच घरी आला आणि दुसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीला, बायाक्काला, माळावर घेऊन गेला. तिचा नवरा रवळू सुतारकामाला रंगूनला होता.

"ह्या गावात हाईत व्हय त्ये?" खोक्याला कान लावून तिनं विचारलं.

"व्हय आक्का, ह्याच."

तेव्हापासून ती रोज यायला लागली. तिकडचा निवेदक हिंदुस्थानीत चार शब्द बोलायचा. रवळू त्याच्या मागंच कुठंतरी बसलाय, अशा चेहऱ्यानं ती ऐकायची.

मग महायुद्ध त्या बाजूला वळलं. एके दिवशी निवेदक वाक्याच्या मध्येच थांबला. त्याच्या मागून लांब, रडका भोंगा ऐकू आला आणि सगळं बंद. बायाक्कानं भावाकडं पाहिलं. मष्णू नुसताच बटण फिरवत राहिला. पुढं स्टेशन परत लागलं, पण त्या निवेदकाला धाप लागल्यासारखं वाटायचं. कुणीतरी पाठीशी उभं राहून घाई करावी, तसा तो बोलायचा.

शिमग्याच्या सुमारास बायाक्का तापानं पडली. मष्णू एकटाच माळावर गेला, तर रंगूनच्या जागी काहीच नव्हतं. नुसती सूं सूं. घरी येऊन तो म्हणाला, "बॅटरी उतरलीया, आक्का." दुसऱ्या दिवशी तार तुटली, मग ढग आले. रोज एक निमित्त. बायाक्का ऐकून घ्यायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची.

अंगात बळ येताच ती न सांगता माळावर आली. खोक्यातून हैदराबाद खणखणीत वाजत होतं.

"बॅटरी उतरलीया न्हवं? मग ह्ये कसं वाजतंय रं?"

मष्णूची मान खाली गेली.

"रंगून लाव."

त्यानं काटा तिथं नेला. बराच वेळ सूं सूं झाली आणि मग एक आवाज आला. जुना निवेदक नव्हे. नवा, मऊ, सावकाश बोलणारा. शहरात सगळीकडं शांतता आहे, लोक आनंदात आहेत, असं तो हिंदुस्थानीत सांगत होता. मष्णूला थोडं हायसं वाटलं. त्यानं तिला अर्थ सांगितला.

बायाक्कानं पदर घट्ट ओढून घेतला. "लई गोड बोलतोय ह्यो माणूस. मला भ्या वाटतंय. बंद कर."

ती पुन्हा माळावर आली नाही.

पावसाळ्यात संकेश्वरकडचा आण्णाप्पा दारात उभा राहिला. ब्रह्मदेशातून डोंगर, जंगलं पायी तुडवत आलेला. गालफडं बसलेली, पायाला चिंध्या. रंगूनात तो रवळूच्या शेजारी राहायचा. दोघं बरोबरच निघाले होते.

"वाटंत ताप भरला त्यास्नी," तो खाली बघत म्हणाला. "एका चढावर बसलं. मी म्हटलं, उठा. तर म्हणालं, तुमी व्हा म्होरं, मी आलोच. वळून बघितलं तवा बसल्यालंच हुतं. मागनं गर्दी रेटत हुती, आक्का. परत फिरता आलं न्हाय."

बाहेर पन्हळ गळत होती.

"पानी हुतं का त्यांच्यापाशी?" बायाक्कानं विचारलं.

आण्णाप्पा पायाच्या चिंध्या आवळत राहिला.

ती उठली, चूल फुंकली आणि भाकरी थापायला बसली. "जेवून जावा, आण्णा. लांबनं आलासा."

आण्णाप्पा अधाशासारखा जेवला. ती त्याला वाढत राहिली. शेजारी बसलेल्या मष्णूनं आपल्या ताटातली भाकरीही त्याच्याकडं सरकवली.