कानबाईचा कोनाडा

आम्ही घर बांधायला काढले तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचे. तुझा हट्ट तेवढा बिनपरमिटचा होता, असे आमचे हे अजूनही म्हणतात. यांची धुळ्याला शाळेत नोकरी, भाड्याची खोली एवढीशी. शिरपूरकडचे एकत्र घर मोडल्यापासून आमची कुळाची देवी कानबाई कुठेच बसली नव्हती. श्रावणात दुसऱ्यांच्या घरची गाणी ऐकली की माझा जीव तुटायचा. यंदा ती आपल्या घरात बसणार, असे मी मनाशी पक्के केले आणि गवंड्याकडून बाहेरच्या भिंतीत तिच्यासाठी ऐसपैस कोनाडा काढून घेतला. तो शेजारच्या बाजूला हातभर पुढे आला, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

नगरपालिकेच्या ओव्हरसियरांच्या मात्र ते लगेच ध्यानात आले. टेप लावून म्हणाले, "ताई, कानबाई आमच्याकडेही बसते. पण दोन घरांमधली जागा मोकळीच हवी. हा कोनाडा पाडा, तरच राहायचा दाखला मिळेल." रविवारी कानबाई होती आणि ते शनिवारी पुन्हा येणार होते. देवीच्या जागेवर सब्बल घालायची नाही, म्हणून मी अडून बसले. हे समजावून थकले. मनातून मात्र मी खचले होते. देवीला माझ्या दारी यायचेच नसेल का, ही शंका काही केल्या जाईना.

शुक्रवारी दुपारी डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी पाणी मागायला आली. पाणी पिता पिता तिने कोनाड्याकडे पाहिले. "हाई काय शे?" मी सगळे सांगितले, तशी ती हसली. "माय, कानबाई तं एक रातनी पाव्हनी. सकायले नदीवर जास. तिले भितमा कसाले कोंडी ऱ्हायनी?" रविवारी ये, असे मी म्हटले. "येसू," म्हणून ती गेली.

सकाळी नदीवर जाणाऱ्या पाहुणीला मी भिंतीत कोंडायला निघाले होते. लहानपणापासून माहेरी पांझरा नदीवर कानबाई पोचवायला जाणारी मी, मला हे कसे सुचले नव्हते? गवंडी नको नको म्हणत असताना पहिली सब्बल मीच घातली. रडू येत होते, पण हात थांबला नाही. शनिवारी ओव्हरसियरांनी भिंतीवरून हात फिरवला आणि घर पास केले.

रविवारी कानबाई खोलीच्या मधोमध चौरंगावर बसली. चहूबाजूंनी बायका गायला बसल्या. कोनाड्यासमोर एवढ्या मावल्या नसत्या. म्हातारी काही आली नाही. तरी मी तिच्या नावाचा प्रसादाचा रोट बाजूला काढला. कुळाबाहेर रोट द्यायचा नाही, या रीतीला कानबाईसाठी गावाहून आलेल्या सासूबाई फार कडक. म्हातारीची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. त्या बोलतील म्हणून मी तो पदराखाली झाकला. त्यांनी पाहिलेच. जवळ येऊन त्यावर तुपाची धार सोडली आणि म्हणाल्या, "झाकू नको. ती काय परकी शे?"