डाव्या पायाची मोहरी

सिस्टरनं मास्तरांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पँट माझ्या हातात दिली आणि त्यांना हिरवा गाऊन चढवून आत नेलं. मी बाकावर बसून पँटची घडी घालायला घेतली. आम्ही शिंपी माणसं, घडीही शिवणीवर शिवण ठेवूनच घालणार. मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, एकीवर एक ठेवली तर डावी चांगली दोन बोटं बाहेर आली. परत जुळवली. परत दोन बोटं.

आता मास्तरांच्या कात्रीतून चूक होत नाही. तीस वर्षं कापायच्या टेबलापाशी उभे आहेत, वीतभर कापड वाया गेलेलं नाही, आणि हे ते स्वतःच दिवसातून दोनदा ऐकवतात. म्हणजे हे मुद्दाम कापलेलं.

घरी लेकीला फोन लावला. म्हटलं, "बाबांच्या सगळ्या पँटी काढ आणि मोहऱ्या मोज."

"आई, तू दवाखान्यात आहेस ना?"

"मोज म्हटलं ना."

तिनं मोजल्या. नव्या पँटींना जास्त फरक, जुन्यांना कमी. ट्रंकेच्या तळाशी एक खाकी पँट निघाली, तिला अर्धा इंच. ती शिवली तेव्हा लेक पहिलीत होती. आज ती नोकरी करते. एकोणीस वर्षं या माणसाचा पाय सुजत होता आणि हा माणूस दरवर्षी पँट वाढवत होता. आणि मी? दुकानात कापणं त्यांचं, तुरपाई माझी. त्या सगळ्या मोहऱ्या माझ्याच हातांनी दुमडलेल्या होत्या. मला पायाची सूज दिसली ती दोन महिन्यांपूर्वी, टेबलापाशी उभं राहवेना तेव्हा.

डॉक्टरीणबाईंनाही मास्तरांनी हेच सांगितलेलं. "दोन महिने झाले." घोट्यावरचा काळा डाग? "इस्त्रीचा चटका." मी शेजारी बसून मान हलवली होती. त्यावरून बाईंनी ठरवलं, नसेत ताजी गुठळी असणार, ती विरघळवायचं औषध नसेत सोडू. त्या औषधानं कुठंही रक्तस्राव होऊ शकतो, अगदी मेंदूतही, असं संमतीच्या कागदावर होतं. त्या कागदावर माझी सही होती.

उठले, दार बडवलं. डॉक्टरीणबाई मास्क खाली करत बाहेर आल्या. मी पँट त्यांच्यासमोर धरली आणि मग एका दमात सगळं ओकले.

बाईंनी दोन्ही मोहऱ्या एकीवर एक धरून बघितल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, काकू. औषध अजून सोडलेलं नाही. आधी आतून बघणार आहे. पायातलं रक्त वर नेणारी पोटातली नस बाहेरच्या सोनोग्राफीत नीट दिसत नाही. म्हणून मांडीतून बारीक नळी घालायची, तिच्या टोकाला इवलीशी सोनोग्राफी असते. तिथं मास्तरांचं काही चालणार नाही."

त्यांनी मला काचेपलीकडे उभं केलं. पडद्यावर करडी चित्रं हलत होती. एका सिस्टरनं समजावलं, ही गोल दिसते ती नस. नळी वर सरकत गेली तशी ती गोलाई चेपत गेली आणि एका जागी तर काजासारखी नुसती चीर राहिली.

"हे बघा," बाई माइकवरून म्हणाल्या. "वरून जाणारी धमनी या नसेला मणक्यावर दाबतेय. नसेची भिंत जाड झालीय, आत जुने व्रण आहेत. हे पंधरा-वीस वर्षांचं दुखणं आहे, घोट्यावरचा डागही त्याचाच. ताजी गुठळी नाहीच. त्या औषधाचा उपयोग शून्य, धोका तेवढा पुरा."

मान मी हलवली होती, सही मी केली होती. सिस्टरनं पुढं केलेल्या स्टुलावर बसले.

पुढं बाईंनी आतून नसेची मापं घेतली, चिरेच्या वर, खाली, मधे. त्या मापाची जाळीची नळी बसवली, फुग्यानं उघडली आणि पुन्हा आतून बघितलं. चीर गोल झाली होती.

संध्याकाळी मास्तर वॉर्डात पलंगावर पडलेले. पायाची सूज उतरेल, टेबलापाशी उभं राहता येईल, असं बाई सांगून गेल्या. मी बाईंची पाठ वळायचीच वाट बघत होते.

"एकोणीस वर्षं," मी म्हटलं. "ताकास तूर लागू दिली नाहीत. बायको आहे मी का गिऱ्हाईक?"

मास्तर चकित होऊन बघायला लागले. नाटक नव्हतं, मला ओळखता येतं.

"लागू दिली नाही कशी? प्रत्येक पँट तुझ्या हाताखालून गेली. मला वाटलं तुला ठाऊक आहे. विषय काढत नाहीस, म्हणजे भीती वाटत असेल, म्हणून मीही गप्प. बाईंना खरं सांगितलं असतं तर त्यांनी माझं टेबलापाशी उभं राहणंच बंद केलं असतं. मी दोन महिने म्हणालो, तू मान हलवलीस. म्हटलं, ही सांभाळून घेतेय."

सकाळपासून साठवलेलं सगळं बोलायचं होतं.

"मला काहीच कळलं नव्हतं हो," मी म्हणाले.

मास्तरांनी हळूच चादर ओढून डावा पाय झाकून घेतला.