खरात गुरुजींचा लंगडा स्लो

गॅरेजला लागून पार्टचं दुकान असलं की माणसाकडं दोन गोष्टी साठत जातात: न खपलेले पार्ट अन् किस्से. पार्ट कंपनी परत घेत न्हाई, अन् किस्से मी कुणाला देत न्हाई! पण आज बसलोच आपण, तर ऐका.

वाटूर फाट्यावर माझं दुकान अन् किसनमामाचं गॅरेज, मधी एकच भिंत. मामाचं काम म्हंजे जुन्या मोटरसायकलींचा स्लो लावणं. रेस सोडल्यावर गाडी उभ्या जागी धकधकत राहती ना, तो स्लो. मामा म्हणायचा, "पळतात तर सगळ्याच! उभं राहून जित्तं राहणं अवघड हाय." त्याच्याकडं मीटर न्हाई, मशीन न्हाई. डोळे मिटायचा, कान कार्बोरेटरकडं करायचा अन् पेचकसानं स्क्रू फिरवायचा. कान हेच त्याचं दुकान होतं. अन् तेच कान गेले, हे आधीच सांगून टाकतो. म्हंजे मधी हसू आलं तरी तुमी फार हसणार न्हाई.

*

टेंभुर्णीकडचा एक पाव्हणा आल्ता. "मामा, गाडी पळती झकास. पण सिग्नलला थांबली की बंद!"

"कुठल्या सिग्नलला?"

"जालन्यात."

"अन् टेंभुर्णीत?"

"टेंभुर्णीत सिग्नल कुठंय मामा?"

"मंग गाडीत खराबी न्हाई. तुझं दर चार दिवसाला जालन्यात काय काम असतं, ते आधी घरी सांग!"

पाव्हणा लाजून लाल! मामानं अर्धा आटा स्क्रू फिरवला, गाडी मांजरीवानी घुरघुरायला लागली.

*

दसऱ्यानंतरचं सांगतो. मंठ्याचा एक शेतकरी, गाडी दर दोन किलोमीटरला बंद. थोडं थांबलं की परत चालू! तीन मिस्त्र्यांनी कार्बोरेटर उघडून झाल्ता. मामानं नुस्तं ऐकलं अन् कार्बोरेटर सोडून टाकीचं झाकण उघडलं. फुस्स! झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, त्यात तेलात कालवलेलं हळदी-कुंकू गच्च बसलेलं. बायकोनं पूजा मनापासून केल्ती.

मामा म्हणला, "टाकीला बी श्वास लागतो बाबा. देवाला सुदिक इतकं कुंकू लावू न्हाई की त्याचं नाक बुजून जाईल!"

बाकड्यावर सगळ्यात मोठ्यानं हसले ते खरात गुरुजी.

*

आता गुरुजी कोण, ते सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळा सुटली की आमच्या बाकड्यावर, मंग घरी. त्यांची गाडी लग्नातली. तिचा स्लो एकदम वंगाळ. धक-धक, धक-धक, अन् मधीच एक ठोका गायब, मिस्त्री त्याला मिसिंग म्हणतेत. दोन पावलं चालून तिसऱ्याला अडखळावं तसं. मामा त्याला लंगडा स्लो म्हणायचा. मामाला तो आवाज सहन व्हायचा न्हाई.

"गुरुजी, कार्बोरेटरच्या मागचं रबर चिरलंय, तिथून हवा वढून राह्यली. दहा मिन्टांचं काम हाय. बसा!"

"न्हाई मामा, हात लावू नका."

"अहो, लोक मला नावं ठिवतेत!"

"ठिवू द्या. गल्लीच्या तोंडाशी गाडी अडखळली की आमच्या घरी कळतं, मी आलो म्हणून. मी आत जाईस्तोर चहा उकळलेला असतो. तुमी नीट कराल, अन् मला थंड चुलीसमोर बसवाल!"

मामा हरला. फाट्यावर ती एकच गाडी त्यानं बिघडलेली सोडली होती.

*

कान कधी जायला लागले, ते कुणालाच कळलं न्हाई. आम्हाला कळलं ते असं.

एका दुपारी मामा स्लो लावत होता. डोळे मिटलेले, पेचकस हातात. गाडी दोनदा भुरभुरली अन् बंद पडली. मामा मात्र स्क्रू फिरवूनच राह्यला. पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं. मधीच म्हणला, "आता बघा, आता बराबर येतंय." गाडीचा मालक आमच्याकडं बघतोय, आम्ही जमिनीकडं. मला बोलायला पाहिजे होतं.

शेवटी गुरुजी उठले, मामाच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणले, "मामा, पेट्रोल संपलं वाटतं हिचं."

मामानं डोळे उघडले. टाकी हलवून बघितली. टाकी भरलेली होती. त्यानं गुरुजींकडं बघितलं अन् म्हणला, "हा, संपलंच वाटतं."

त्या दिवशी मामानं दुसऱ्या गाडीला हात लावला न्हाई.

*

गुरुजीच त्याला जालन्याला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेल्ते. डॉक्टरनं कानाला मशीन लावून मोठ्यानं विचारलं, "आवाज येतो का, मामा?"

"येतो साहेब. पण मिसिंग मारून राह्यलाय!"

डॉक्टर हसला म्हणे. येताना एसटीत मामा खिडकीकडं तोंड करून रडला, हे गुरुजींनी मला एकट्यालाच सांगितलं. कानाची मशीन मामानं आठ दिवस लावली. ट्रकचे हॉर्न ऐकू यायचे, इंजिन यायचं न्हाई. मंग ती डबीत गेली. "दिवाळीला शटर पाडतो," म्हणला. "आंधळ्यानं शिवणकाम करू न्हाई."

*

अन् गुरुजींनी ते शटर पडू दिलं न्हाई! दुसऱ्या दिवशी घरून स्टीलची वाटी आणली. पाणी भरून चालू गाडीच्या सीटवर ठेवली.

"पाण्याकडं बघा मामा. सारखं थरथरलं की स्लो बराबर. मधीच उडी मारली की मिसिंग."

मामानं स्क्रू फिरवला. पाणी उड्या मारायचं थांबलं अन् नुस्तं थरथरत राह्यलं. मामा त्या वाटीकडं किती तरी वेळ बघत होता. मंग गुरुजींचे पाय धरायला वाकला. गुरुजी मागं सरकून म्हणले, "अहो, सातवीचं विज्ञान हाय हे!"

त्यानंतर मामाच्या हातून एक बी गाडी चुकीची गेली न्हाई. गुरुजींच्या गाडीवर मात्र ती वाटी कधी ठेवलीच न्हाई. त्या गाडीला हात लावायची मनाईच होती ना.

*

गुरुजी या उन्हाळ्यात गेले. छातीत दुखलं, तासाभरात संपलं. पुण्यानुमोदनाला अख्खा फाटा गेल्ता. मामा दाराशी लावलेल्या त्या गाडीजवळ बसून होता, मांडवात आलाच न्हाई.

मंग पुण्याहून आलेला त्यांचा पोरगा गाडी घेऊन गॅरेजला आला. "मामा, पप्पांची आठवण हाय, एकदम नवीन करून द्या." मामाला वाटलं, गुरुजींचं एवढं तरी करावं. नवं रबर मीच दिलं. न खपलेल्या मालात एक पडून होतं, मला तर आनंदच झाला. वाटीतलं पाणी असं सारखं थरथरलं की बघत राहावं.

तिसऱ्या दिवशी पोराच्या मागं बसून वहिनी, म्हंजे गुरुजींची बायको, आल्या. माझ्याकडं बघून म्हणल्या, "भाऊजी, पोरगं काल गाडी घेऊन दारात येऊन उभं राह्यलं, तरी मला कुणी आल्याचं कळलं न्हाई. ही आमची गाडी न्हाई हो. आमची पहिली होती तशी करून द्या."

मामाला ऐकू गेलं न्हाई. मी दोनदा वरडून सांगितलं. शेवटी प्लगच्या खोक्यावर लिहून दाखवलं: वहिनीला जुना आवाज पाहिजे.

मामानं वाचलं. भंगाराचा डबा जमिनीवर पालथा केला. त्यातून ते चिरलेलं रबर शोधलं, फडक्यानं पुसलं अन् परत बसवलं. मी सवयीनं वाटी भरून सीटवर ठेवली. त्यानं ती उचलली अन् पाणी वतून दिलं.

"ताई, ह्या वाटीला बराबर कळतं, गुरुजींचं लंगडं कळत न्हाई. तुमी हिकडं या. माझ्यासमोर उभ्या राहा."

पोरानं किक मारली. मामानं स्क्रूवर पेचकस ठेवला अन् वहिनींच्या तोंडाकडं बघायला लागला. पाव आटा. वहिनी तशाच. अजून पाव. गाडी बंद पडली, पोरानं परत किक मारली. मामानं थोडंसं मागं फिरवलं.

वहिनी एकदम रस्त्याकडं वळल्या. पदर सारखा केला.

"आले वाटतं," त्या म्हणल्या. "चहा टाकते."

मामानं पेचकस खाली ठेवला.