शुद्धीच्या पुड्या

आई गेल्यावर बाबा खडकी सोडून माझ्याकडे वाघोलीला राहायला आले. सगळी नोकरी त्यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली होती. आत शिरताना खिशातली काडेपेटी बाहेर ठेवायची, तळव्याला खिळे असलेले बूट घालायचे नाहीत, ओळखीचा नसलेला वास आला की आधी मागे सरायचं, या सवयी अंगात मुरलेल्या. घरी गॅस बंद केल्यावरही ते बटण पुन्हा एकदा चाचपून बघत. इतका सावध माणूस माझ्या भरवशावर फसला.

आमच्या सोसायटीत पाणी बोअरचं आणि टँकरचं. भांड्यांवर पांढरा थर बसायचा. बाबांना जुना मधुमेह, त्यामुळे पायांना थोड्या झिणझिण्या होत्याच. दुपारी मी शाळेत असताना ते टीव्हीवर आरोग्याचा कार्यक्रम बघत. पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ शांत आवाजात, स्वच्छ मराठीत बोलायचे. एकदा विषय निघाला आर्सेनिकचा. जमिनीतल्या पाण्यात असतं, तांदळात उतरतं, अंगात हळूहळू साठतं. लक्षणं काय, तर झिणझिण्या, थकवा, पोट बिघडणं. बाबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी मी आल्याबरोबर त्यांनी विचारलं, हे आर्सेनिक म्हणजे काय. मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. उत्साहाने सगळं सांगितलं: मूलद्रव्य आहे, त्याला वास नाही, चव नाही, काही भागांत खरोखरच विहिरींच्या पाण्यात सापडतं. आपल्या पाण्यात असेल का, म्हणाले. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, असू शकतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भात बंद केला. आमच्याकडचं पाणी घशाखाली उतरेना. खडकीत जुने शेजारी होते, त्यांच्याकडून पाणी आणायला लागले. जाताना बस बदलून जायचं, येताना बस बदलून यायचं, दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन. मी रागावले, समजावलं, शेवटी बोलणं सोडलं. एके दिवशी शाळेतून येताना ते बसथांब्यावर दिसले. कॅन खाली ठेवून, खांबाला धरून उभे होते. धापेने तोंड उघडं पडलेलं. मला ते बघवलं नाही.

त्याच कार्यक्रमात शरीरातलं आर्सेनिक काढून टाकणाऱ्या चूर्णाची माहिती सांगत. खाली फोन नंबर असे. तो नंबर मी स्वतः फिरवला. निदान पाण्याची वणवण तरी थांबेल, एवढाच विचार होता. पलीकडची बाई गोड बोलली. बाबांचं वय विचारलं, त्रास विचारला, नव्वद दिवस घ्यायला सांगितलं. आठवड्यात पुड्यांचा खोका आला. खोक्यावर बारीक अक्षरांत वनस्पतींची यादी होती आणि शेवटी कसल्याशा भस्माचं नाव. ते मी वाचलं. वाचून पुढे गेले.

बाबांनी पहिली पुडी हातात धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू शिकलेली आहेस. घेऊ का?"

आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून घरात देव नाहीत. त्या जागी शिक्षण बसलं. शिकलेला माणूस सांगेल ते ऐकायचं, हे बाबांना लहानपणापासून पाठ. टीव्हीवरचा तो पांढरा कोटही त्यांनी त्याच श्रद्धेने ऐकला होता. आणि घरातली शिकलेली मी होते.

"घ्या बाबा," मी म्हणाले. "वनस्पतीच आहेत सगळ्या."

पहिला महिना ते खुशीत होते. पाणी आणायला जाणं बंद झालं. मग उलट्या सुरू झाल्या, जुलाब सुरू झाले. मी त्या नंबरवर फोन केला. ती बाई म्हणाली, विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे, दोन वेळा द्या. मी दोन वेळा देऊ लागले. मधात कालवून, चमच्याने, माझ्या हाताने.

मग तळहात खरखरीत झाले, जोंधळ्याच्या दाण्यांएवढे टणक फोड उठल्यासारखे. एकदा खालून वर आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी जिन्यात निसटली होती आणि त्यांना कळलंच नव्हतं. मधुमेहाच्या डॉक्टरांनी साखरेवर बोट ठेवलं. नखं कापताना मला त्यांवर आडव्या पांढऱ्या रेघा दिसल्या. तेव्हा साखरेचं कारण मला पटेना, पण माझा संशय पाण्यावरच होता. बोअरचं पाणी बाटलीत भरून तपासायला दिलं. अहवालात क्षार भरपूर होते. आर्सेनिकपुढे लिहिलं होतं, आढळले नाही. मी तो कागद आनंदाने बाबांना दाखवला.

ते म्हणाले, "मग मला हे काय होतंय?"

मी त्यांना मेंदू आणि नसांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी नखं पाहिली, तळहात पाहिले, पायांना टाचणी टोचून पाहिली. जेवणाव्यतिरिक्त काय घेता, असं विचारलं. मी म्हणाले, काही नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, पूड, काढा, भस्म?

"ते औषध नाही," मी म्हणाले. "अंगातलं आर्सेनिक काढायला आहे."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. पुड्या आजपासून बंद, म्हणाल्या. काही दिवस मासे खायचे नाहीत, त्यांनी तपासणी चुकते, मग दिवसभराची लघवी एका डब्यात साठवून तपासायची, आणि उरलेल्या पुड्याही तपासायला द्यायच्या.

दोन्ही अहवाल मी प्रयोगशाळेच्या आवारात स्कूटरवर बसून वाचले. पाण्याच्या अहवालात ज्या शब्दापुढे 'आढळले नाही' होतं, त्या शब्दापुढे इथे आकडे होते. लघवीत होतं. पुडीत कितीतरी पट जास्त होतं. आधी बाबांच्या अंगात आर्सेनिक असावं याला काहीच आधार नव्हता. ते मी घातलं होतं.

घरी येऊन सांगितलं. ते खुर्चीत बसून होते. नीट वाचलंस ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मग म्हणाले, "तुझी चूक नाही गं. मी विचारलं म्हणून तू सांगितलंस."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो फोन नंबर बंद झाला. वाहिनीकडून उत्तर आलं की ती वेळ विकत दिलेली होती, मजकुराशी त्यांचा संबंध नाही. सरकारी कचेरीत अर्ज दिला, पोच मिळाली, पुढे काही नाही. कार्यक्रम चालूच राहिला. पांढरा कोट तोच, विषय गुडघेदुखीचा. मी टीव्ही काढून टाकला. त्याने काय होणार होतं.

आता बाबांचे तळहात थोडे मऊ पडलेत. पायांची जाणीव परत आली नाही. घरातल्या घरात वॉकर धरून चालतात, पाऊल कुठे पडतंय हे बघून टाकावं लागतं. शर्टाची बटणं मी लावते. ते हनुवटी वर करून उभे राहतात, शाळेत जायला निघालेल्या मुलासारखे.

कुठलीही नवीन गोळी आली की ते माझ्यापुढे धरतात आणि वाच म्हणतात. मी पाकिटावरचं अक्षर न् अक्षर वाचते, कळत नाही ते शोधते, डॉक्टरबाईंना फोन करते. तरी माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. त्यांनी थांबावं, शंका काढावी, एकदा तरी माझ्यावर संशय घ्यावा, असं मला फार वाटतं. पण माझं वाचून होण्याआधीच त्यांनी गोळी गिळलेली असते.