दिवे घाट आणि आमची वजनं

माझ्या साडूइतक्या प्रेमाने आम्हाला कोणी फिरायला नेलं नाही, आणि इतक्या मतलबाने तर नाहीच नाही. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, "साडूभाऊ, दिवे घाटात येता का? वर मिसळ खाऊ. आज मला ब्याऐंशी किलो कमी पडतायत." ब्याऐंशी किलो म्हणजे मी. माणसांना नात्याने ओळखायचं सोडून तो वजनाने ओळखायला लागला होता. एकदा माझ्या बायकोने वाटेत दोन कलिंगडं घेतली, तर त्याने ती घाटाच्या पायथ्याशी टपरीवाल्याकडे ठेवायला लावली. मिसळ वर गेल्यावरच, कारण चढायच्या आधी खाल्ली तर म्हणे हिशोब बिघडतो.

खराडीतल्या कंपनीत आठवडाभर तो परदेशी लोकांचे प्रोग्राम दुरुस्त करायचा आणि सुट्टीत स्वतःच्या लहानशा गाडीचा. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, हे ठरवणारा एक कॉम्प्युटर गाडीत असतो. त्याच्या पोटात काय लिहिलंय ते गाडी बनवणारे सांगत नाहीत, आणि कोणी सांगत नाही म्हटलं की साडूला चैन पडत नाही. बुधवार पेठेतून वायरी आणून त्याने तो लॅपटॉपला जोडला. आतून हजारो आकडे निघाले, एकालाही नाव नाही. मग एक आकडा बदलायचा, आम्हाला भरून घाट चढायचा, इंजिनाला काय झालं ते वहीत टिपायचं, की पुढचा आकडा. मी सहज गुणगुणायला लागलो, तर म्हणाला, "तुमचं ऐकायला आयुष्य पडलंय. इंजिन आत्ता बोलतंय."

पण हा सगळा उपद्व्याप होता आमच्या सासूबाईंसाठी. त्या हडपसरला राहायच्या, माहेर घाटाच्या वर. भाऊबीजेला लेकीजावयांसकट जायचं, नाहीतर जायचंच नाही, असा त्यांचा हट्ट. पाच जण बसले की शेवटच्या वळणावर गाडी दम टाकायची आणि सगळ्यांना उतरून चालावं लागायचं. गुडघे गेल्यावर सासूबाईंना ते जमेना. दोन वर्षं त्या गेल्याच नाहीत, आणि वर थकलेला भाऊ वाट बघत बसला.

तिसऱ्या भाऊबीजेला साडूने छातीठोकपणे सगळ्यांना गाडीत बसवलं. शेवटच्या वळणावर इंजिन खडखडलं आणि गाडी थांबली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला फार वाईट वाटलं. साडू वही उघडून बसला. चूक अस्सल पुणेरी होती. पेट्रोलचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून त्याने आकडे पाच जणांच्या वजनाला अगदी काटेकोर बेतले होते, आणि सासूबाईंचं वजन पंचावन्न धरलं होतं. हा आकडा त्या तीस वर्षं सांगत आल्या होत्या. खरा आकडा विचारायची कोणत्या जावयाची छाती आहे?

"आई," तो चाचरत म्हणाला, "एक विचारायचं होतं."

सासूबाईंच्या ध्यानात आलं. "हिकडं या, जावईबापू. कान करा हिकडं."

त्या कानात काहीतरी पुटपुटल्या. साडूचे डोळे मोठे झाले. लॅपटॉप मांडीवर घेऊन अर्धा तास तो आकडे बदलत बसला. मी सवयीने दार उघडलं, तर ओरडला, "कोणी उतरायचं नाही!" गाडी कण्हली, हलली आणि वळण चढून गेली.

"चढली की वो!" सासूबाई टाळ्या वाजवत ओरडल्या. वर सासूबाईंचे भाऊ, आमचे मामा, काठी टेकत दारात उभे होते.

पुढे चार भाऊबिजा गाडी कुठे अडली नाही. आता सासूबाई नाहीत. कानात सांगितलेला तो आकडा साडूने बायकोलासुद्धा सांगितलेला नाही. परवा मीच म्हटलं, "आता भार कमी झालाय, आकडे परत बेतून घे. पेट्रोल वाचेल."

त्याने काचेवरून फडकं फिरवलं. "राहू दे साडूभाऊ," तो म्हणाला, "आईंची जागा आहे ती."

येत्या भाऊबीजेला मामांनी भाच्यांना बोलावलंय. आम्ही चौघंच जाणार आहोत, पण गाडी पाच जणांच्या हिशोबाने घाट चढेल.