शरदिनीबाईंची घिन

रोज सकाळी वेणी घालून झाली की शरदिनीबाई फणीत अडकलेला एक केस काढून खिडकीच्या उजेडात धरायच्या. केस, अंगावरची लव, नखं, दात, कातडी. हे पाच सुलटे, मग कातडीपासून केसापर्यंत पाच उलटे. तिथून पुढे मांस, शिरा, हाडं, आतडी, पित्त, कफ, पू असे शरीराचे बत्तीसच्या बत्तीस भाग. प्रत्येकापुढे मनात एकच शब्द: घिन. किळस म्हणायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. चार पिढ्या काशीत गेल्या होत्या. इथे घिनच यायची.

सारनाथच्या एका विहारातून आणलेल्या पुस्तिकेत ही साधना त्यांना सापडली होती. मरणाआधी देहाची ओढ सुटावी म्हणून भिक्षू ती करतात, असं त्यात होतं. शेवटच्या क्षणी मनात जे असेल त्याच्या वळणाने पुढचा जन्म मिळतो, असंही होतं. बाईंना दोन्ही पटलं. एका सरकारी दवाखान्याच्या तपासणी विभागात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. माणसांची थुंकी, शौच, लघवी त्यांनी काचेवर पसरून पाहिली होती, पण तिथे कधी नाक मुरडलं नाही. काचेवरच्या गोष्टीला चेहरा नसतो. त्यांना घिन यायची ती चेहरे असलेल्यांची. ऐन पंचविशीत त्यांना पाहायला आलेल्या मुलाने बशीतला चहा फुर्र करून ओढला, मिशीला लागलेला थेंब जिभेने चाटला, आणि बाईंनी लग्न हा विषय तिथेच संपवला.

सगळ्यात जास्त घिन यायची धाकट्या भावाची. नीलकंठ विधुर होता, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत दोघं एकाच घरात राहत, आणि महाराष्ट्रातून दशाश्वमेध घाटावर येणाऱ्या यजमानांची श्राद्धं तो करायचा. गालात पान. करंगळीचं नख मुद्दाम वाढवलेलं, कान कोरायला. उपरण्याला नाक पुसायचं आणि तेच उपरणं खांद्यावर टाकून मंत्र म्हणायला निघायचं. सकाळी तो खाकरायला लागला की वाटे, आतून कुणीतरी ओला पाट ओढत वर आणतंय.

"ताई, तुझं हाडं-मांस झालं का? चहा टाकतो."

"आधी ते खाकरणं थांबव."

"का? तुझ्या बत्तीसात कफ आहे ना? घरबसल्या दर्शन घडवतोय."

बाई फणी पुसत राहत. मग तो आणखी चढे. "काशीत राहून पुढच्या जन्माची तयारी करणारी तू एकटीच. इथे मरणाऱ्याला परतीचं तिकीटच नाही. महादेव स्वतः येऊन कानात तारक मंत्र सांगतात. आणि ही चालली सारनाथला, रिझर्वेशन करायला!"

"तुझ्या कानात काय सांगणार महादेव? आधी तो मळ काढ."

गेल्या चैत्रात बाईंच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पोटाच्या डाव्या बाजूला भोक पाडून तिथे शौचाची पिशवी चिकटवली गेली, आणि डॉक्टरांनी पाच-सहा महिने सांगितले. जे काचेवर इतकी वर्षं निमूट राहिलं होतं ते आता त्यांच्याच पोटावर, पारदर्शक प्लास्टिकमागे, कोमट, हलतं. रात्रंदिवस त्यांना स्वतःचाच वास यायचा.

उठता येत होतं तोवर त्या ऑटो करून सारनाथला गेल्या. विहारातले म्हातारे भंते मूळचे भंडाऱ्याकडचे. बाईंनी त्यांना बत्तीस भाग न अडखळता, सुलटे आणि उलटे म्हणून दाखवले. सहा वर्षांची तयारी होती.

"मग आता मनात काय येते?" भंतेंनी विचारलं.

"घिन. पूर्वीपेक्षा पुष्कळ. आता समोर माणूस आला की आधी मला त्याचं आतडंच दिसतं." बाईंना वाटलं, शाबासकी मिळेल.

भंतेंच्या कपाळाला आठी पडली. "हे कोनं सांगतलं तुमाले?"

"पुस्तिकेत होतं."

"पुस्तिकेनं तुमाले पाह्यलं होतं का, ताई? ज्याले देहाचा मोह सुटत नाही, त्याचं औषध आहे हे. ज्याच्या मनात आधीच तिटकारा भरला आहे, त्याले हे देत नाहीत. त्याले मैत्री देतात. अमका सुखी राहो, एवढंच म्हणत जायचं. तुमी तर सहा वर्षं आगीत तेल ओतलं."

बाईंच्या डोळ्यांसमोर दवाखान्यातली एक जुनी चूक आली: एकाच्या बाटलीवर दुसऱ्याचं नाव चिकटलं होतं आणि निरोगी माणूस तीन महिने भलत्याच रोगाच्या गोळ्या खात बसला होता. तेव्हा त्या चूक करणाऱ्यावर केवढ्या ओरडल्या होत्या.

"म्हणजे मरतानाही मला घिनच येणार?"

"रोज घोटलं तेच वर येते."

"मग काय करू?"

"सोप्या माणसापासून सुरू करा. जमलं तर अवघड माणसापर्यंत पोचा."

सोपा माणूस सापडेना. आई आठवली, तर मिश्रीने काळे पडलेले तिचे दात आठवले. मैत्रीण आठवली, तर तिच्या घामेजल्या काखा. शेवटी बाईंनी पोट जंतांनी भरलेल्या एका लेकराच्या नमुन्याला 'सुखी राहो' म्हटलं. तेवढं जमलं. लेकराला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

आषाढापर्यंत त्या अंथरुणाला खिळल्या. पिशवी बदलायला एक आया ठेवली, ती चार दिवसांत पळाली. मग नर्सकडून शिकून घेऊन नीलकंठच ते करायला लागला. ती नखाची करंगळी आपल्या पोटाला लागते या विचारानेच बाई आक्रसून जात. डोळे मिटून घेत आणि 'नीलू सुखी राहो' म्हणून बघत. शब्द पुरा व्हायच्या आत पानाचा वास नाकात शिरे, आणि आतून जुनं उत्तर येई. असा माणूस, म्हणूनच याला हे जमतं, असं त्या ठरवून टाकत. उकिरड्याला उकिरड्याची काय घिन?

पितृपक्षात काशीला श्वास घ्यायला फुरसत नसते. अशाच एका सकाळी नीलकंठ सोवळं नेसून निघालेला. सांगलीचं एक कुटुंब घाटावर ताटकळत होतं. जाता जाता पिशवी रिकामी करायला तो वाकला, आणि ती बुडापासून सुटली. चादरीवर, त्याच्या सोवळ्यावर, मनगटापर्यंत. खोलीत असा वास भरला की बाईंनी सवयीने डोळे मिटले. मग त्यांना ओकारीचा आवाज आला.

डोळे उघडले. नीलकंठ मोरीत ओणवा झाला होता. कोपरं भिंतीला टेकलेली, पाठ हिसके देत होती. ओकून झालं, खांद्याला तोंड पुसलं, परत आला आणि गुडघ्यावर बसून चादर काढायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हे रोज होतं तुला?"

"रोजच. आज पकडलंस, बस."

"मला वाटायचं तुला काही वाटतच नाही. तू तसाच आहेस."

"कसा?"

"गलिच्छ."

नीलकंठ हसला. "तो आहेच. पण घिन येते गं ताई, फार येते. पिंडाचा भात मळताना डोळ्यांपुढे हेच असतं. नर्स म्हणाली होती, आठ दिवसांत सवय होईल. झूठ."

"मग करतोस कसं?"

"कसं म्हणजे? हातांनी. तोंड तिकडे करायचं, हात इकडे ठेवायचे."

त्या दिवशी सांगलीकरांचं श्राद्ध दोन तास उशिरा लागलं. नीलकंठ बोलणी खाऊन आला.

दुसऱ्या दिवसापासून शरदिनीबाईंनी डोळे मिटणं सोडलं. तो कसा श्वास रोखतो, कसा ओठ आवळतो, कधी उठून मोरीकडे पळतो, हे त्या बघत राहिल्या. त्याचं नख तसंच होतं, पानाचा वास तसाच. घिनही आली, रोज आली, आणि त्या बघत राहिल्या. 'सुखी राहो' म्हणायचं कधी आठवे, कधी आठवत नसे. भंतेंचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, कुठवर पोचलात? बाई म्हणाल्या, "मोरीपर्यंत." पलीकडे भंते हसले की खोकले ते कळलं नाही.

सर्वपित्रीच्या दुपारी त्यांचा श्वास तुटक झाला. नीलकंठ घाटावरून धावत आला. पिशवी भरली होती, ती त्याने आधी बदलली, नेहमीसारखा मोरीत जाऊन ओकून आला, मग गंगाजलाची लोटी घेऊन उशाशी बसला. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, शेजारणीने आणून दिलेली कढी कोपऱ्यात तशीच होती. बहिणीच्या तोंडात पाणी घालावं की तिला ते नको असेल, हे त्याला कळेना.

"ताई, देऊ का? की भंतेंना बोलावू?"

बाईंनी त्याच्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. संध्याकाळी त्या गेल्या. त्याआधी शेवटचं बोलल्या ते एवढंच:

"साबणाने हात धू, नीलू. आणि जेवून घे आधी, कढी गार होतेय."